जागा बदललेला अंडाशय

मादी प्राण्याच्या शरीरात अंडाशयाला दोन कामे एकाच वेळी सांभाळावी लागतात. बीजांडे साठवून ठेवणे आणि वेळ आली की त्यांतील एखादे पक्व करून सोडणे हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले काम; आणि इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, इन्हिबिन यांसारखी संप्रेरके, म्हणजे रक्तात मिसळून दूरच्या अवयवांना आदेश पोचवणारी रसायने, तयार करणे हे दुसरे. अंडाशय काढून टाकल्यावर पहिले काम थांबणार हे उघडच असते, परंतु दुसरे थांबल्याचे परिणाम सावकाश आणि शरीरभर दिसू लागतात: गर्भाशय आक्रसतो, जनावर माजावर येणे बंद होते, हाडे विरळ होऊ लागतात आणि अनेक प्राण्यांत चरबी वाढते. काढलेला अंडाशय, किंवा त्याचा पापुद्र्याएवढा तुकडा, शरीरात पुन्हा कोठेतरी बसवला तर हे सारे मागे फिरवता येते का, या प्रश्नावर गेली सव्वाशे वर्षे प्रयोग होत आले आहेत, आणि अंडाशय ही एक ग्रंथी आहे हे ज्ञानच मुळात या प्रयोगांतून हाती आले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक वैद्यांचा कल मज्जातंतूंकडे होता. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडुआर्ड फ्ल्यूगर याने असे प्रतिपादन केले होते की, वाढणाऱ्या पुटकाचा, म्हणजे बीजांडाभोवती पेशींचे आवरण असलेल्या सूक्ष्म पिशवीचा, दाब अंडाशयातील मज्जातंतूंवर पडतो आणि त्या उद्दीपनाच्या प्रतिक्षेपाने गर्भाशयात बदल घडतात. या मताला छेद देऊ शकेल असा पुरावा खरे तर आधीच उपलब्ध होता. गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टोल्ड याने १८४९ मध्ये कोंबड्यांचे वृषण काढून पोटातच दुसऱ्या जागी रोवले होते, आणि मज्जातंतू तुटलेले असूनही त्या कोंबड्यांचे तुरे लालभडक राहिले व त्यांचे आरवणे चालूच राहिले. मात्र या निबंधाकडे पुढची कित्येक वर्षे कोणी फारसे वळून पाहिले नाही, आणि त्यामुळे तोच प्रश्न मादीच्या बाबतीत पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागला.

तो विचारला गेला व्हिएन्नात. एमिल क्नाउअर या स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९६ मध्ये सशांवरील प्रयोग प्रसिद्ध केले, ज्यांत माद्यांचे अंडाशय मूळ जागेवरून कापून उदरातील इतर भागांवर टाके घालून बसवले होते. जेथे रोपण टिकले तेथे गर्भाशय आक्रसला नाही, आणि जेथे अंडाशय पूर्णपणे काढून टाकला होता तेथे तो आक्रसला. त्याच शहरातील योसेफ हाल्बान याने १९०० मध्ये आणखी नेमका प्रयोग केला: नुकत्याच जन्मलेल्या गिनीपिगचे अंडाशय काढून कातडीखाली बसवले, तरी त्या पिल्लांचे गर्भाशय व स्तनग्रंथी वयात आल्यावर नेहमीसारख्या वाढल्या. कातडीखालच्या त्या तुकड्याशी गर्भाशयाला जोडणारा एकही मज्जातंतू उरला नव्हता, तेव्हा अंडाशयातून काहीतरी रक्तात उतरते आणि रक्ताच्याच वाटेने गर्भाशयापर्यंत पोचते, एवढाच निष्कर्ष शिल्लक राहत होता. संप्रेरक या कल्पनेला इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग याने इंग्रजीत नाव दिले ते १९०५ मध्ये, म्हणजे या प्रयोगानंतर पाच वर्षांनी. हाल्बानचे नाव आज पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते, आणि हे काहीसे अन्यायाचे वाटते.

रोपण केलेला अंडाशय यजमान शरीराचे संप्रेरकीय काम चालवतो, तरी त्यातील बीजांडे मात्र मूळ मालकिणीचीच राहतात, हे हार्वर्ड विद्यापीठात विल्यम कॅसल आणि जॉन फिलिप्स यांनी १९०९ मध्ये दाखवले. पांढऱ्या, रंजकद्रव्य नसलेल्या गिनीपिग मादीचे अंडाशय काढून त्यांच्या जागी काळ्या मादीचे अंडाशय बसवले आणि त्या पांढऱ्या मादीचा संयोग पांढऱ्याच नराशी घडवून आणला. तिला झालेली सर्व पिल्ले काळी निघाली. रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसचे कलम बांधले म्हणजे खुंट पाणी पुरवतो पण फळ हापूसचेच येते, तसाच हा व्यवहार होता. आनुवंशिकतेच्या इतिहासात या प्रयोगाला मोठे स्थान आहे, परंतु येथे त्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे: परक्या अंडाशयाने त्या पांढऱ्या मादीचे चक्र चालवले, गर्भाशय तयार केला आणि गर्भधारणा शेवटपर्यंत नेली.

अंडाशयातून नेमके काय उतरते याचा उलगडा व्हायला १९२० चे दशक उजाडावे लागले. एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी १९२३ मध्ये पुटकांतील द्रव अंडाशय काढलेल्या उंदरांना टोचला आणि त्यांच्या योनीतील पेशी माजाच्या काळात दिसतात तशा चपट्या, केराटिनयुक्त झाल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. योनीतील पेशी काचपट्टीवर पसरून पाहण्याची ही सोपी पद्धत आजही उंदरांवरील रोपणाच्या प्रयोगांत वापरली जाते, कारण प्राण्याला न मारता आणि वारंवार रक्त न काढता रोपण जिवंत आहे की नाही ते तिच्यावरून रोजच्या रोज कळते. पुढे पीयूषिका ग्रंथीचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा, वाटाही स्पष्ट झाला. तिच्यातून येणारी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके पुटकांना वाढवतात. पुटकाच्या बाहेरच्या थरातील थीका पेशी एलएचच्या प्रभावाखाली पुरुषी वर्गातली संप्रेरके तयार करतात आणि आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या प्रभावाखाली त्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. तयार झालेले इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन उलट पीयूषिकेला आवर घालतात. अंडाशय काढल्यावर हा आवर सुटतो आणि रक्तातील एफएसएचची पातळी चढते. म्हणून रोपण यशस्वी झाले का, हे ठरवताना इस्ट्रोजेन किती वाढले यापेक्षा एफएसएच किती उतरले हे पाहणे अनेकदा अधिक उपयोगाचे ठरते.

इथपर्यंतचा इतिहास वाचून असे वाटणे साहजिक आहे की, रक्तपुरवठा मिळाला म्हणजे अंडाशय शरीरात कोठेही ठेवला तरी चालतो. मेंढीने या समजुतीला धक्का दिला. गोडिंग, मॅक्रॅकन आणि बेअर्ड यांनी १९६७ मध्ये एक विलक्षण शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, जिच्यात मेंढीचा अंडाशय त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून मानेकडे नेला जातो आणि तेथील कॅरोटिड धमनी व जुग्युलर शीर यांना जोडून कातडीच्या एका घडीत बसवला जातो. उद्देश व्यावहारिक होता: पोटात खोल असलेल्या अंडाशयातून बाहेर पडणारे रक्त शुद्धीवर असलेल्या, शांतपणे उभ्या असलेल्या मेंढीकडून वारंवार घेता यावे आणि दर तासाला तो किती संप्रेरक सोडतो हे मोजता यावे. अंडाशय मानेवर उत्तम जगला, त्याने संप्रेरके सोडली, पुटके वाढली, बीजांडही सुटले. परंतु त्यानंतर चक्र अडले. बीजांड सुटल्यावर रिकाम्या पुटकाच्या जागी जो पिवळसर पीतपिंड तयार होतो तो प्रोजेस्टेरॉन बनवतो आणि गर्भ राहिला नाही तर मेंढीत सुमारे दोन आठवड्यांनी विरून जातो, म्हणूनच मेंढी साधारण १७ दिवसांनी पुन्हा माजावर येते. मानेवरच्या अंडाशयातील पीतपिंड मात्र विरेचना. आठवड्यांमागून आठवडे तो प्रोजेस्टेरॉन सोडत राहिला आणि मेंढीला माज आला नाही.

अंडाशयाबरोबर गर्भाशयही मानेवर नेला तेव्हा चक्र पुन्हा सुरू झाले, आणि त्यातून उलगडा झाला. पीतपिंड विरवण्याचा आदेश गर्भाशय देतो, तो प्रोस्टाग्लँडिन एफ-टू-आल्फा या रसायनाच्या रूपात, आणि हे रसायन फुप्फुसांतून एकदा जाताच त्याचा बहुतांश भाग नष्ट होतो, त्यामुळे सर्व शरीरभर फिरून ते अंडाशयापर्यंत पुरेशा मात्रेत पोचूच शकत नाही. मूळ जागी गर्भाशयाकडून येणारी शीर आणि अंडाशयाकडे जाणारी नागमोडी धमनी एकमेकींना अगदी बिलगून असतात, आणि प्रोस्टाग्लँडिन शिरेच्या भिंतीतून थेट धमनीत झिरपते. फुप्फुसांची वाट त्यामुळे टळते. अंडाशय मानेवर नेल्याने ही आडवाट तुटली होती. गर्भाशय हे केवळ आदेश घेणारे टोक नसून तो आदेश देतोही, हे या अपयशातून कळले, आणि त्याचा व्यवहारातला उपयोग गावोगावच्या गोठ्यांपर्यंत पोचला: गायी-म्हशींना ठरावीक वेळी माजावर आणण्यासाठी पशुवैद्य आज जे प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन देतात ते याच पीतपिंडाला विरवण्यासाठी असते.

जागेचा दुसरा परिणाम यकृताच्या संदर्भात दिसतो. आतडी, जठर आणि प्लीहा यांचे रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी यकृतातून जाते, आणि यकृत इस्ट्रोजेनचे बव्हंशी विघटन करते. मॉर्टन आणि गर्सन बिस्किंड यांनी १९४४ मध्ये अंडाशय काढलेल्या उंदरांच्या प्लीहेत अंडाशय रोवला. तेथे तो जगला, इस्ट्रोजेन तयार करू लागला, पण ते यकृतातच संपत असल्याने पीयूषिकेला त्याची वार्ता पोचेना. तिने एफएसएच आणि एलएच यांचा मारा चालूच ठेवला आणि महिनोन्‌महिने चाललेल्या या उद्दीपनाने रोवलेल्या अंडाशयात अर्बुदे वाढली. एवढे माहीत असतानाही १९७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील काही पशुवैद्यांनी कुत्रींवर जवळजवळ हाच उपाय योजला. निर्बीजीकरणानंतर कुत्री लठ्ठ होऊ नये आणि तरीही तिला माज येऊ नये, अशी दुहेरी अपेक्षा होती; अंडाशयाचा तुकडा जठराच्या भिंतीवर बसवला तर यकृत थोडेच इस्ट्रोजेन पुढे सोडेल, असा हिशेब होता. काही वर्षांनी अशा रोपणांत गाठी आढळू लागल्यावर ही पद्धत मागे पडली. कल्पना चतुर होती, परंतु पीयूषिकेला वगळून केलेली होती.

अंडाशयाच्या तुकड्याची तग धरण्याची ताकद किती मोठी आहे याचा अनुभव पशुवैद्यांना अनेकदा नको असताना येतो. निर्बीजीकरण झालेली मांजर किंवा कुत्री काही महिन्यांनी पुन्हा माजावर आल्याची तक्रार जगभरच्या दवाखान्यांत येते, आणि शहरोशहरी भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाच्या मोहिमा चालत असलेल्या महाराष्ट्रातील पशुवैद्यांनाही ती नवी नाही. अशा वेळी बहुधा शस्त्रक्रियेत अंडाशयाचा एखादा कोपरा मागे राहिलेला असतो. परंतु मांजरींवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याहून चकित करणारी गोष्ट दिसली: अंडाशयाचा पूर्ण सुटा झालेला तुकडा उदरपोकळीत नुसता सोडून दिला, कोठेही टाका घातला नाही, तरी तो आसपासच्या पडद्याला चिकटला, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरल्या आणि तो संप्रेरके तयार करू लागला. चिमट्यातून निसटून पोटात पडलेला तुकडा शोधून काढण्याबाबत शल्यचिकित्सक इतके आग्रही का असतात, ते यावरून समजते.

सुटा तुकडा कसा जगतो हे पाहिले तर त्याच्या मर्यादाही कळतात. अंडाशयाच्या बाहेरच्या पातळ थरात, म्हणजे बाह्यकात, आदिम पुटके असतात. प्रत्येक पुटकात एक सुप्त बीजांड आणि त्याभोवती चपट्या पेशींचा एकच थर असतो. ही पुटके फार थोड्या ऑक्सिजनवर भागवतात. म्हणून रोपणासाठी साधारण एक मिलिमीटर जाडीच्या बाह्यकाच्या पट्ट्या कापतात, जेणेकरून नव्या केशवाहिन्या आत शिरेपर्यंतचे काही दिवस आसपासच्या द्रवातून झिरपणाऱ्या प्राणवायूवर त्यांना काढता यावेत. या दिवसांत मोठी, वाढीला लागलेली पुटके जवळजवळ सगळी मरतात आणि आदिम पुटकांतलीही बरीच जातात. जी उरतात त्यांना वाढून इस्ट्रोजेन तयार करण्याच्या अवस्थेला पोचायला वेळ लागतो, आणि त्यामुळे उंदरात रोपणाचा परिणाम काही दिवसांत दिसत असला तरी मेंढीत आणि स्त्रीमध्ये तो दिसायला चार-पाच महिने थांबावे लागते. मधल्या काळात रोपण फसले असे समजून निराश होण्याचे कारण नसते.

गोठवून ठेवलेल्या ऊतकाचा प्रवासही याच आदिम पुटकांच्या चिवटपणावर उभा आहे. लंडनजवळच्या मिल हिल येथील संशोधन संस्थेत ग्लिसरॉलमुळे शुक्रपेशी गोठणीतून वाचतात हे १९४९ मध्ये लक्षात आले, आणि तेथेच ऑड्री स्मिथ व ॲलन पार्क्स यांनी उणे ७९ अंश सेल्सिअसला ठेवलेले अंडाशयाचे ऊतक वितळवून उंदरांत रोवले तेव्हा ते संप्रेरके तयार करू लागले. डेल्फीन पॅरट हिने १९६० मध्ये असे रोपण केलेल्या उंदरांना पिल्ले झाल्याचे दाखवले. त्यानंतर विषय तीन दशके जवळजवळ झोपून राहिला, कारण उंदराचा मऊ, मोहरीएवढा अंडाशय आणि स्त्रीचा तंतुमय, टणक अंडाशय यांत फरक फार होता. मेंढीचा अंडाशय रचनेने स्त्रीच्या अंडाशयाच्या बराच जवळ जातो आणि तिच्यातही एका वेळी एक-दोनच बीजांडे पक्व होतात; म्हणून एडिंबरो येथे रॉजर गॉस्डेन, डेव्हिड बेअर्ड आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या बाह्यकाच्या पट्ट्या उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून त्याच मेंढ्यांत परत बसवल्या. प्रोजेस्टेरॉनची चढउतार पुन्हा सुरू झाली, आणि १९९४ मध्ये गोठवलेल्या ऊतकापासून कोकरू जन्मल्याची नोंद प्रसिद्ध झाली. ब्रुसेल्समध्ये जाक डोनेझ यांच्या रुग्ण स्त्रीला, जिचे ऊतक कर्करोगाच्या उपचारापूर्वी १९९७ मध्ये गोठवले होते, २००४ मध्ये मूल झाले, त्यामागे मेंढ्यांवरची ही दहा वर्षे आहेत.

बेअर्ड यांच्याच गटाने १९९९ मध्ये या मेंढ्यांचा पुढचा हिशेब मांडला, आणि तो कमी आनंदाचा आहे. गोठवून वितळवण्यात आदिम पुटकांपैकी सुमारे ७ टक्केच गेली होती; रोपणानंतर रक्त मिळेपर्यंतच्या उपासमारीत मात्र सुमारे ६५ टक्के गेली. मेंढ्यांची चक्रे जवळपास दोन वर्षे चालू होती, परंतु एफएसएच चढेच राहिले, याचा अर्थ उरलेल्या मोजक्या पुटकांचे इन्हिबिन पीयूषिकेला आवर घालायला अपुरे पडत होते. थोडक्यात, लोकांना भीती वाटत होती ती गोठवण्याची, आणि खरे नुकसान झाले रक्ताच्या वाटेवर. यावर उपाय म्हणून इस्राएलमध्ये अमीर अराव आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण अंडाशय रक्तवाहिन्यांसकट गोठवून, वितळवून, मेंढीत परत जोडला आणि सहा वर्षांनंतरही तो काम करत असल्याचे २०१० मध्ये कळवले. परंतु गोठलेल्या बारीक वाहिनीत रक्ताची गुठळी होऊन सगळाच अंडाशय एकदम जाण्याचा धोका या मार्गात असतो, आणि पट्ट्यांची पद्धत त्यामुळेच अजून टिकून आहे.

एवढी यातायात कशासाठी, इस्ट्रोजेनच्या गोळ्या आहेतच की, असा प्रश्न येथे रास्त आहे. गोळी ठरलेली मात्रा देते. जिवंत ऊतक पीयूषिकेचे ऐकते, मागणी वाढली की जास्त आणि पुरे झाले की कमी तयार करते, आणि इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन व इन्हिबिनही देते. या फरकाची चाचणी अमेरिकेतील वेक फॉरेस्ट येथे इमॅन्युएल ओपारा यांच्या गटाने अंडाशय काढलेल्या उंदरांवर घेतली. ग्रॅन्युलोसा पेशी आत आणि थीका पेशी बाहेर, म्हणजे पुटकात असतात त्याच क्रमाने, समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या सूक्ष्म गोळ्यांत बंद करून त्या उंदरांत सोडल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हाडे, शरीरातील चरबी आणि गर्भाशयाचे अस्तर यांवरचा परिणाम औषधी संप्रेरकांपेक्षा सरस होता, आणि तोही रक्तातील संप्रेरकाची पातळी कमी असताना. त्याच वर्षी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मोनिका लॅरोंडा आणि टेरेसा वुडरफ यांच्या गटाने जिलेटिनचा त्रिमितीय छपाईने घडवलेला सांगाडा वापरला, त्याच्या छिद्रांत पुटके बसवली आणि अंडाशय काढलेल्या उंदरांना त्यातून पिल्ले झाली. माद्यांना दूधही आले, जे संप्रेरकांचे काम पुन्हा सुरू झाल्याशिवाय येत नाही.

या दोन प्रयोगांतला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. सांगाडा उघडा असतो, त्यात रक्तवाहिन्या शिरतात, बीजांड बाहेर पडू शकते. पण दुसऱ्या प्राण्याचे ऊतक त्यात घातले तर यजमानाची रोगप्रतिकार यंत्रणा त्याला परके ओळखून नष्ट करते, त्यामुळे तो स्वतःच्या किंवा अगदी जवळच्या वंशाच्या ऊतकापुरताच उरतो. एके काळी पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ याने श्रीमंत गिऱ्हाइकांना माकडांच्या ग्रंथी बसवण्याचा जो धंदा मांडला होता तो याच कारणाने फोल होता, जरी गिऱ्हाइकांना काही काळ तरुण झाल्यासारखे वाटले तरी. बंद गोळीच्या भिंतीतून ऑक्सिजन, पोषकद्रव्ये आणि संप्रेरके ये-जा करतात, हल्लेखोर पेशी मात्र आत शिरू शकत नाहीत, म्हणून परक्या प्राण्याच्या पेशीही तेथे जगू शकतात. मिशिगन विद्यापीठात एरिएला शिकानॉव्ह यांच्या गटाने वेगळ्या पदार्थाच्या वेष्टनात अंडाशयाचे ऊतकच ठेवून उंदरांत हे दाखवले आहे. अशा गोळीतून बीजांड कधीच बाहेर पडणार नाही. कर्करोगाच्या उपचारात लहानपणीच अंडाशय निकामी झालेल्या मुलीला वयात येण्यासाठी संप्रेरके हवी असतात, मूल त्या वयात नको असते, आणि या गटांचे लक्ष्य तीच मुलगी आहे. तिच्यापर्यंत पोचण्याआधी गोळीचे आकारमान किती वाढवता येईल आणि तिच्या मध्यभागच्या पेशींना प्राणवायू कसा पोचवायचा, हे प्रश्न उंदरांहून मोठ्या प्राण्यांत सोडवले जायचे आहेत.